गाडी चालवणाऱ्याला फोन करतंय कोण?

मार्च २०२५ मधली गोष्ट आठवत असेल. दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा ड्रायव्हर बस चालवता चालवता मोबाईलवर क्रिकेटची मॅच बघत होता, एका पॅसेंजरने व्हिडिओ काढला आणि थेट परिवहन मंत्र्यांकडे पोचवला. मग काय, लगेच कारवाई, ड्रायव्हरची नोकरी गेली आणि ज्या खाजगी कंपनीची बस होती तिला ५ हजार रुपये दंड. सगळे म्हणाले बरं झालं, मीपण म्हणलं, घाटातून चाललेल्या बसमध्ये मॅच बघणाऱ्या माणसाबद्दल कसली सहानुभूती वाटणार. पण तो दंडाचा आकडा काही डोक्यातून जाईना. ५ हजार म्हणजे त्याच बसची दहाएक तिकिटं. ड्रायव्हरचं घर बंद आणि कंपनीला एक चिमटा.

गाडी चालवताना फोन वापरू द्यावा का, या प्रश्नावर माझं उत्तर सरळ आहे, नाही. रस्ता दाखवणारा मॅप सोडून काहीही नाही, आणि तोपण स्टँडवर लावलेला, गाडी सुरू करायच्या आधी पत्ता टाकलेला. हे बोलायला सोपं आहे आणि बहुतेकांना पटतंही, निदान दुसऱ्याच्या बाबतीत तरी. माझं भांडण वेगळं आहे. आपण सगळा दोष स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या माथी मारतो आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला जो बसलाय त्याला कोणी काही विचारतच नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिच्यात हातात धरून फोन वापरणं हे थेट धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये घातलं, पहिल्यांदा सापडलात तर १ हजार ते ५ हजार दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांत परत सापडलात तर १० हजार दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मग ऑक्टोबर २०२० पासून नियम असा आला की हातातलं डिव्हाइस फक्त रस्ता शोधायला वापरता येईल, तेही ड्रायव्हरचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. वाचायला छान आहे. पण या सगळ्याचा जोर कशावर आहे, तर हातावर. हातात फोन आहे का नाही एवढंच. त्यामुळे कानात इअरबड घातले किंवा गाडीच्या ब्लूटूथला फोन जोडला की लोकांना वाटतं आपण सुटलो, आता पुणं ते नाशिक भांडत गेलं तरी चालतंय.

खरं तर हाताचा संबंध सगळ्यात कमी आहे हो. आपण गिअर टाकतो तेव्हापण एकच हात स्टिअरिंगवर असतो, त्याने कोणी मरत नाही. अडचण डोक्याची आहे. अमेरिकेत युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर नावाचे मानसशास्त्राचे प्रोफेसर आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक अभ्यास छापला होता. ४० जणांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावली, एकदा नुसतीच, एकदा हातातल्या फोनवर बोलत, एकदा हँड्सफ्रीवर बोलत आणि एकदा व्होडका पाजून. रक्तात दारू किती, तर १०० मिलीला ८० मिलिग्रॅम. आपल्याकडे मर्यादा ३० आहे म्हणजे आपल्या हिशोबाने हे लोक चांगलेच टाईट होते. तर फोनवर बोलणारे ब्रेक उशिरा मारत होते आणि त्या सिम्युलेटरमध्ये पुढच्या गाडीला जे ठोकले ते सगळे फोनवाले होते, दारूवाला एकही नाही. आणि हातातला फोन आणि हँड्सफ्री यात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. याचा अर्थ दारू पिऊन चालवा असा कोणी काढू नका, दारूवाले पुढच्या गाडीच्या मागे नको इतके चिकटून चालवत होते, त्यांचा धोका वेगळा. पण आपण ज्या गोष्टीला गुन्हा समजतो तिच्या रांगेत ही दुसरी गोष्ट बसते, एवढं तरी मान्य करायला हवं.

त्याच्या आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियात पर्थला जे काम झालं ते मला जास्त पटतं कारण ते सिम्युलेटरवरचं नाही, खऱ्या रस्त्यावरचं आहे. अपघात होऊन हॉस्पिटलमध्ये आलेल्या ड्रायव्हर लोकांना विचारून, त्यांच्या परवानगीने, मोबाईल कंपनीकडून कॉलची नोंद मागवली आणि अपघाताच्या आधीची काही मिनिटं तपासली. निष्कर्ष असा की फोनवर असताना हॉस्पिटल गाठायला लावणारा अपघात होण्याची शक्यता चौपट, आणि इथेपण हँड्सफ्रीवाल्यांना सूट नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळे अभ्यास असंच बोलत नाहीत. व्हर्जिनियातल्या एका संस्थेने गाड्यांत कॅमेरे बसवून महिनोन् महिने खरं ड्रायव्हिंग रेकॉर्ड केलं, त्यात नुसतं हँड्सफ्री बोलण्याचा धोका तितका मोठा दिसला नाही, धोका दिसला तो डोळे रस्त्यावरून हटतात तेव्हा. ट्रकवाल्यांत तर मेसेज टाईप करताना धोका २३ पट होता. म्हणून मी हँड्सफ्रीवर बोलणाऱ्या प्रत्येकाला जेलमध्ये टाका असं म्हणत नाहीये, ते शक्यही नाही, काच लावून गाणं म्हणणारा आणि बायकोशी बोलणारा हवालदाराला बाहेरून सारखाच दिसतो. पण ज्याच्या मागे चाळीस माणसं बसलीयत त्या बस ड्रायव्हरला, स्कूल व्हॅनवाल्याला, आणि ज्याचं लायसन नवं कोरं आहे अशा पोराला हँड्सफ्रीसुद्धा बंद, असा नियम करता येतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत स्कूल बसवाल्यांना आणि नव्या लायसनवाल्यांना तो आहेच.

मग शेजारी बसलेल्याशी पण बोलायचं नाही का? हा प्रश्न दर वेळी येतो. अहो, शेजारचा माणूस पुढचा रस्ता बघत असतो. समोरून राँग साईडने टेम्पो आला की तो आपोआप गप्प होतो, नाहीतर "अरे अरे अरे" करून तुमच्या आधी पाय दाबतो, त्याच्या बाजूला ब्रेक नसला तरी. फोनवरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही, तो आपल्या सोफ्यावर बसून गॅस सिलेंडर आला का ते विचारत राहतो, आणि तुम्ही गप्प झालात की "हॅलो... हॅलो... आवाज येतोय का?" एफएमचंही तसंच, रेडिओवाला तुमच्याकडून उत्तराची वाट बघत नाही.

टू-व्हीलरवाल्यांबद्दल तर वेगळंच लिहायला पाहिजे. मान वाकडी करून खांद्यात फोन दाबून चालवणं ही जुनी स्टाईल, आता हेल्मेटमध्ये फोन खुपसतात, गाल आणि पॅडिंगच्या मधे, बरोबर कानावर. पुण्यात स्कार्फमध्ये गुंडाळून बसवतात, बाहेरून काही कळतच नाही. हेल्मेटला कटकट म्हणणाऱ्या शहराला हेल्मेटचा हा उपयोग मात्र चटकन सापडला. आणि गंमत बघा, यात फोन हातात नाहीये ना! पोलिसाने अडवलं की हेच ऐकवतात, "साहेब दोन्ही हात हँडलवर आहेत बघा." आणि तो फोन सरकायला लागला की एका हाताने आत ढकलायचा, तेवढ्यात पुढे खड्डा. कारवाल्याला निदान पत्र्याचं कवच आहे.

वेगाचं गणित शाळेतलंच आहे पण कोणी करत नाही. ताशी ६० ने चाललात तर सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाता. मेसेज कोणाचा आलाय एवढं बघायला तीन सेकंद धरा, म्हणजे ५० मीटर तुम्ही आंधळे. एक्सप्रेसवेवर १०० ने असाल तर दोन सेकंदांत ५५ मीटर. आणि वाचलेला मेसेज काय असतो, तर गुड मॉर्निंग.

आकडेवारीत मात्र हे सगळं फार छोटं दिसतं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यातली ७१ टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या खात्यात आणि मोबाईलच्या खात्यात साधारण २ टक्के. हे बघून काही लोक म्हणतात बघा, फोनचा एवढा बाऊ कशाला. पण हे खातं भरतं कोण? अपघात झाल्यावर पोचलेला हवालदार. त्याला समोर काय दिसतं, चेमटलेली गाडी, ब्रेकच्या खुणा, कधी त्यापण नाहीत. ड्रायव्हर मेला असेल तर बोलणार नाही आणि जिवंत असेल तर "हो, मी रील बघत होतो" असं कोण सांगतंय? मग ओव्हरस्पीड लिहायचं, ते कधी चुकत नाही. ब्रेकच्या खुणा नाहीत म्हणजे ब्रेक मारलाच नाही, आणि मारला नाही कारण बहुधा बघतच नव्हता, पण बघत नव्हता तो कशामुळे, हे त्या फॉर्मवर येतच नाही.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. गाडी चालवणाऱ्याला फोन उचलायची एवढी घाई का असते? हौस म्हणून सोडा, ती आहेच, पण रस्त्यावर जे लोक पोटासाठी गाडी चालवतात त्यांच्याकडे बघा. जेवण पोचवणारा पोरगा. हँडलला स्टँड, त्यात फोन, पावसाळ्यात त्यावर प्लॅस्टिकची पिशवी. चालत्या गाडीत पुढची ऑर्डर येते आणि स्क्रीनवर सेकंद उलटे पळायला लागतात, तेवढ्यात बोट लावलं नाही तर ऑर्डर गेली. रिक्षा आणि कॅबवाल्यांचंही तेच, गिऱ्हाईक मागे बसलेलं असताना पुढच्या भाड्याची टुंग टुंग सुरू होते, कितीला आहे, कुठलं आहे, एवढं वाचून ठरवायचं, आणि हे सगळं नळ स्टॉपच्या चौकात. कॅन्सल जास्त केली की रेटिंग पडतं, रेटिंग पडलं की कामं कमी. म्हणजे फोन बघायला पैसे मिळतात आणि न बघण्याचा दंड बसतो, आणि फोन बघताना सापडला की सरकार वेगळा दंड लावतं. दोन्हीकडून तोच पोरगा.

आणि आपण काय करतो? आपण मॅपवर ती छोटीशी स्कूटर बघत बसतो. ती सिग्नलला थांबली की लगेच फोन, "दादा, तुम्ही हलतच नाहीये, कुठे आहात?" तो बिचारा एका हाताने गाडी धरून "आलोच सर, दोन मिनिटांत." हाच पोरगा उद्या फोनवर बोलताना दिसला की आपण काच खाली करून त्याला शिव्या घालणार.

ट्रकवाल्याचा शेठ दर तासाला विचारतो कुठं पोचला. गाडीला जीपीएस बसवलेला असतो तरी विचारतो. आयटीवाल्यांची तऱ्हा अजून भारी, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस मीटिंगमध्ये शिरून सांगतो, "मी ड्राईव्ह करतोय, व्हिडिओ ऑफ ठेवतो," आणि पलीकडून मॅनेजर म्हणतो, "हो हो, चालेल, तू कंटिन्यू कर." आता या वाक्यात त्या मॅनेजरला नक्की काय कळलेलं असतं? त्याला कळलेलं असतं की हा माणूस आत्ता टन-दीड टनाचं यंत्र चालवतोय. आणि तरी तो तिसऱ्या स्लाईडवर त्याचं मत विचारतो. एखाद्याने "ड्रायव्हिंग करतोय, अर्ध्या तासाने जॉईन होतो" असं कळवलं तर तो कामात सिरियस नाही असं ठरतं. घरचेही काही कमी नाहीत, पोचलास की फोन कर म्हणणारी आई वाटेत स्वतःच चार वेळा फोन करते, पण आईवर कायदा लावता येत नाही, तो विषय सोडून देऊ.

मालकावर मात्र लावता येतो. अमेरिकेत २०१२ पासून ट्रक आणि बस चालवणाऱ्यांसाठी नियम आला, हातात धरून फोन बंद. दंड किती ठेवला तेव्हा, तर ड्रायव्हरला २ हजार ७५० डॉलरपर्यंत आणि जी कंपनी त्याला तसं करू देईल किंवा करायला लावेल तिला ११ हजार डॉलरपर्यंत. चौपट. याला म्हणतात हिशोब. दंड ज्याच्या खिशाला लागतो तो वागणं बदलतो. आपल्या कलम १८४ मध्ये शिक्षा आहे ती गाडी चालवणाऱ्याला. ज्याच्या अ‍ॅपमध्ये चालत्या गाडीत सेकंद उलटे पळतात तो एसीत बसून रस्ता सुरक्षा सप्ताहाच्या शुभेच्छा पोस्ट करतो.

आणि हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे असं कोणी सांगू नका. तुमची स्कूटर कुठल्या गल्लीत आहे, किती वेगात आहे, हे अ‍ॅपला कळतंच, त्याशिवाय ते मॅपवर दाखवतं कसं? मग गाडी चालू असताना ऑर्डर दाखवायची नाही, थांबल्यावर दाखवायची आणि उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्यायचा, गिऱ्हाईकाचा कॉल चालत्या गाडीवर जाऊच द्यायचा नाही, पलीकडे फक्त "गाडी चालवत आहेत, थांबल्यावर बोलतील" असं वाजवायचं. एवढं करायला नवा शोध लागायला नको, सरकारने अ‍ॅप कंपन्यांना लायसन देताना ही अट घातली की झालं. यात डिलिव्हरीला चार मिनिटं उशीर होईल. होऊ दे, वडापाव आहे, किडनी नाहीये.

गाड्या बनवणारे पण यात येतात. आधी एसीचं बटण हाताला सापडायचं, न बघता फिरवता यायचं. आता सगळं त्या टॅबएवढ्या स्क्रीनमध्ये, थंडी वाजली तरी मेनूत जाऊन शोधा. खिशातला फोन बंद करून डॅशबोर्डवर त्याच्या दुप्पट फोन चिकटवला तर साधलं काय? युरोपात गाड्यांना सेफ्टीचे स्टार देणारी जी संस्था आहे, युरो एनकॅप, तिने २०२६ पासून ठरवलंय की पूर्ण गुण पाहिजे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हझार्ड लाईट असल्या गोष्टींना खरी, हाताला लागणारी बटणं द्या. आपल्याकडे भारत एनकॅप २०२३ मध्ये सुरू झालंय, त्यांनी हे सरळ कॉपी केलं तरी कोणी नाव ठेवणार नाही.

आता पकडायचं कसं, हा भाग. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये २०१९ पासून वरून काचेतून फोटो घेणारे कॅमेरे लावलेत, मांडीवर फोन ठेवला तरी दिसतो. आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरही आता कॅमेऱ्यांची सिस्टीम आहे आणि मोबाईलवर बोलणारे तिच्यात पकडले जातात. चांगलंच आहे. पण चलन फाटलं म्हणजे ते भरलं असं नाही, लोक वर्षानुवर्षं साठवतात आणि लोकअदालतीची वाट बघतात, तिथे कमी करून मिळतं म्हणून. चौकात झाडामागे उभं राहून मोबाईलवर नंबरप्लेटचे फोटो काढणाऱ्या हवालदाराला कोणी घाबरत नाही, लोक फक्त त्या झाडाशी फोन खाली करतात आणि पुढे गेल्यावर "हां बोल" म्हणतात.

म्हणून मला वाटतं खरा बदल चौकात नाही, अपघाताच्या तपासात करायला पाहिजे. जीव गेलेल्या प्रत्येक अपघातात ड्रायव्हरच्या रक्तात दारू आहे का हे जसं तपासतात तसंच त्याच्या फोनची अपघाताआधीच्या पाच मिनिटांची नोंद मागवा. काय बोलला ते नको, कोणाला काय लिहिलं ते नको, प्रायव्हसीची बोंब मला मान्य आहे. फक्त किती वाजून किती मिनिटांनी कॉल चालू होता, स्क्रीन चालू होती का, आणि कामाच्या अ‍ॅपवरून त्या वेळी काय पाठवलं गेलं. पर्थवाल्यांनी संशोधनासाठी कॉलच्या बाबतीत हेच केलं होतं, आपण तपासासाठी करू. २ टक्क्यांचा तो आकडा खरा किती आहे हे तेव्हा कळेल. आणि त्या नोंदीत दुसऱ्या टोकाला ऑफिसचा, शेठचा किंवा अ‍ॅपचा नंबर निघाला तर त्यालाही पोलीस स्टेशनला बोलवा, साक्षीदार म्हणून का होईना, आणि विचारा की हा गाडी चालवतोय हे तुम्हाला माहीत होतं का.